लाल ठिपका

रात्रपाळीच्या सुट्टीत साच्यामागं बसून मोबाईलवर दोन चित्रं पाहिली. १८३२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत शेजारी-शेजारी टांगलेली. कॉन्स्टेबलचा वॉटर्लू पूल वर्षानुवर्षं घोटलेला, लाल-सोनेरी झगमगाट. टर्नरचा नुसता करडा समुद्र. टर्नर आला, पाण्यावर लाल ठिपका ठेवून निघून गेला. मागाहून त्याचा बोया केला. शेजारचा लाल पार फिका पडला, म्हणतात.

टर्नर न्हाव्याचं पोर. कॉन्स्टेबल पिठाच्या गिरणीवाल्याचा. साला, मालकाची जिरली! मी खदखदून हसलो.

मग वाचलं. टर्नर १८०२ पासून अकॅडमीचा पक्का सभासद. कॉन्स्टेबलला १८२९ पर्यंत, ५२ वर्षांचा होईस्तोवर, ताटकळत ठेवलेलं. उंबऱ्यावर तोच होता की! आणि मी, बाप कोण ते बघून निकाल देऊन मोकळा.

सुट्टी संपली. उठता उठता पूल पुन्हा उघडला.