गच्चीवरचं ऊन

खांदेश्वरचा उन्हाळा घामाचा. खाडी जवळ असल्याने हवा दमट, त्यामुळे सकाळी स्टेशनचा जिना चढेपर्यंतच सदरा पाठीला चिकटतो. एप्रिल उजाडला की बहुतेक घरांत जाड पडदे ओढले जातात, एसी सुरू होतो आणि माणसं जूनची वाट बघत बसतात. मला मात्र वर्षातले हेच दोन महिने सगळ्यांत प्रिय आहेत. माझ्या छंदांना जो कच्चा माल लागतो तो या दोन महिन्यांत आभाळातून फुकट मिळतो. मी फोटो काढते, वाळवणं घालते आणि अलीकडे काही उन्हाळे उन्हाच्या मदतीने कागदावर निळे ठसे उमटवते. तिन्ही कामांना ऊनच लागतं, पण प्रत्येकाला वेगळ्या वेळचं. ते वेळापत्रक एकदा जमलं की उन्हाळा अंगावर येत नाही.

सगळा कारभार गच्चीवर चालतो. आमच्या गच्चीवरून पूर्वेला प्रबळगड आणि त्याच्या शेजारचा कलावंतिणीचा सुळका दिसतो, दक्षिणेकडे कर्नाळ्याचा अंगठा. एप्रिलमध्ये धुरकट हवेमुळे डोंगर नुसते करड्या पट्ट्यासारखे असतात. मेच्या शेवटी एखादी वळवाची सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी पहाटे तेच डोंगर इतके स्वच्छ उमटतात की प्रबळगडाच्या कड्यावरच्या घळी मोजाव्यात. तो फोटो वर्षातून मोजक्या सकाळी मिळतो आणि त्यासाठी मी गजर लावून उठते.

वाळवणाच्या बाबतीत आमच्या घरात सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, शब्द शेवटचा. त्या बार्शीच्या. कुरडया हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस वास कुरडईत उतरतो. मग वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी पांढराशुभ्र, घट्ट चीक उरतो. पातेल्यात मीठ-हिंग घातलेलं पाणी खळखळलं की एकीने चीक ओतायचा आणि दुसरीने न थांबता हाटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. चिकाला काचेसारखी चकाकी आली आणि तो पातेल्याच्या कडा सोडू लागला की शिजला. त्यातला वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून घरातल्या लहानमोठ्यांना वाटायचा, हा रिवाज आईंनी बार्शीहून जसाच्या तसा आणला.

बार्शीच्या कोरड्या उन्हात सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी कडक होते. इथे ते जमत नाही. दुपारनंतर खाडीकडून दमट वारा सुटतो आणि वरून कोरडी वाटणारी कुरडई आतून मऊच राहते. म्हणून आम्ही इथल्या हवेप्रमाणे रीत बदलली. सोऱ्यातला घाणा उजाडताच सुरू करायचा, दहा-साडेदहाला कुरडया उलटायच्या आणि चारनंतर गच्चीवर काही ठेवायचं नाही. असं तीन दिवस, वेळ पडली तर चार. डब्यात भरण्याआधी आई एक कुरडई कानाशी नेऊन मोडतात. कट् असा आवाज आला तरच डबा उघडायचा.

या सगळ्यात कॅमेऱ्याला भरपूर काम असतं. सकाळी सातच्या आसपास ऊन तिरपं असतं. अशा वेळी कुरडईच्या पलीकडे सूर्य येईल असं बसायचं, कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवायचा. एकेक तार आतून उजळते. ओली कुरडई दुधट दिसते. दुसऱ्या दिवशी तीच तार पारदर्शक होऊन कडेला सोनेरी रेघ धरते. मी एकच कुरडई ठरवून तीन दिवस ठरावीक वेळांना टिपते. ते फोटो ओळीने लावले की पाणी कसं कसं निघून गेलं ते दिसतं. महागडा कॅमेरा हवाच असं मुळीच नाही. माझे निम्मे चांगले फोटो फोनवरचे आहेत. फक्त पांढऱ्या चादरीवरच्या पांढऱ्या वस्तूला कॅमेरा फसतो आणि सगळं करडं करून टाकतो. तिथे उजेड हाताने एक पायरी वाढवावा लागतो. आंबापोळीचंही तसंच. ताटातून सोडवलेली पोळी खिडकीत उन्हासमोर धरली की रसाच्या रेषा, थरांच्या कडा, सगळं दिसतं. पन्ह्याचा पेला, वाटली डाळ, कैरीचा तक्कू यांचे फोटो मी कायम खिडकीशीच काढते. ट्यूबलाइटखाली पन्हं आजारी दिसतं, आणि इतक्या प्रेमाने केलेल्या पदार्थावर तो अन्याय आहे.

मे महिन्याच्या मध्यावर, १५-१६ तारखेच्या सुमारास, गच्चीवर एक वेगळाच सोहळा असतो. आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर राहतो. उत्तरेकडे सरकणारा सूर्य तेव्हा बरोबर आपल्या डोक्यावर येतो. घड्याळात बारा वाजता नव्हे, प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून आपली खरी मध्यान्ह साडेबारानंतर चार-पाच मिनिटांनी होते. आम्ही लोणच्याची रिकामी बरणी, स्टीलचा उभा डबा आणि सोऱ्या ओळीने मांडून ठेवतो. सावल्या आखूड होत होत वस्तूंच्या बुडाखाली शिरतात आणि मिनिटभर कशालाच सावली उरत नाही. फोटोत त्या वस्तू जमिनीवर ठेवल्यासारख्या वाटतच नाहीत, चिकटवल्यासारख्या वाटतात. एरवी मी भर दुपारी कॅमेरा बाहेर काढत नाही. हा दिवस अपवाद. डोक्याला ओला पंचा गुंडाळून शेजारची मुलंही वर येतात. हीच शून्य सावली जुलैच्या शेवटीही येते, पण तेव्हा ढग असतात, म्हणून मेमधला दिवस सोडायचा नाही.

रविवारी सकाळी कधीकधी हार्बर लोकल पकडून सीवूड्स-दारावे गाठायचं. खांदेश्वरहून मानसरोवर, खारघर, बेलापूर आणि मग सीवूड्स. ट्रेनमध्ये डुलकी लागायच्या आत स्टेशन येतं. तिथून नेरूळच्या पाणथळीवर फ्लेमिंगो बघायचे. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, हे वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलं असेल. पण पक्षी कधी दिसतील हे वर्तमानपत्र सांगत नाही. ते भरती सांगते. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा पक्षी तिकडे चरायला जातात. भरतीने चिखल बुडला की ते आतल्या उथळ पाण्यावर विश्रांतीला येतात. म्हणजे पाणी चढलेलं असताना आणि ऊन कोवळं असताना आपण काठावर हवं.

हा हिशेब मला पनवेलच्या मासळीबाजारातल्या एका मावशींनी शिकवला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, म्हणून मेमध्ये त्यांच्याकडे सुक्या मासळीला गर्दी असते. जवळा, बोंबील, सुकट अशी पावसाळ्याची बेगमी करायला मीही जाते. सहज विचारलं, ‘मावशी, भरती कशी ओळखायची?’ त्या म्हणाल्या, ‘तिथी बघायची नि तिची पाऊणपट करायची. आली तुझी भरतीची वेळ.’ अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दशमीला साडेसात. शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. पाण्याला खाडीत आतवर यायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढा धरायचा. तेव्हापासून मी दशमी-एकादशीची सकाळ आणि सुट्टी यांचा मेळ बसतो का ते कालनिर्णयात शोधते. मेळ बसला तर साडेसात-आठच्या उन्हात गुलाबी थवा आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब दोन्ही मिळतात. दहानंतर पाण्याची चकाकी इतकी वाढते की गुलाबी रंग धुऊन निघाल्यासारखा होतो. फ्लेमिंगो उडावेत म्हणून काठावरून खडे मारणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मी अडवते, आणि तुम्हीही अडवा.

कर्नाळ्याला वर्षातून एकदा तरी जाणं होतंच. १९६८ साली पक्षी अभयारण्य झालेलं हे जंगल पनवेलपासून जेमतेम बारा किलोमीटरवर. मेअखेरीला तिथे नवरंग येतो, पालापाचोळ्यात उड्या मारत दोन सुरांची शीळ घालतो. फोनवर त्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही. विणीच्या दिवसांत त्याला आपल्या हद्दीत दुसरा नर आल्यासारखं वाटतं आणि तो खाणंपिणं सोडून शोधत फिरतो. थांबलं तर तो आपणहून दिसतो. नाही दिसला तर येताना आदिवासी बायकांकडून पानाच्या द्रोणातली करवंदं घ्यावीत आणि घरी येऊन त्यांचंच चित्र काढावं.

आता निळ्या ठशांबद्दल. हा छंद माझ्या लेकीने घरात आणला आणि आता सर्वांत जास्त वेळ मीच त्यात घालवते. याला सायनोटाइप म्हणतात. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ही रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशैवालांचे असे ठसे घेऊन भागाभागांनी पुस्तक काढायला सुरुवात केली. छायाचित्रं असलेलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. पूर्वी इमारतींच्या नकाशांच्या प्रतीही याच रीतीने काढत. ना कॅमेरा, ना भिंग. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची पाण्यातली द्रावणं मिसळायची, अंधाऱ्या खोलीत चित्रकलेच्या जाड कागदावर ब्रशने फासायची आणि अंधारातच वाळवायची. याची भांडी, ब्रश, हातमोजे वेगळे. त्यातलं काहीही स्वयंपाकघरात येत नाही, यावर आईंचा सक्त पहारा असतो.

कागद पिवळट हिरवा दिसतो. त्यावर पान किंवा फूल ठेवायचं, वर काच दाबायची आणि गच्चीवर उन्हात न्यायचं. रंग डोळ्यांदेखत पालटतो: हिरवट, मग निळसर, मग काशाच्या भांड्यासारखा करडा. मेच्या अकराच्या उन्हाला पाचेक मिनिटं पुरतात. हेच काम ढगाळ जुलैत करायला घेतलं तर ताटकळत बसावं लागतं, कारण यात कामाला येतात ते अतिनील किरण. ऊन लागलेल्या जागी लोहाच्या संयुगांचं न विरघळणाऱ्या निळ्या रंगात रूपांतर होतं. पानाच्या सावलीतलं रसायन जसंच्या तसं राहतं आणि पाण्यात धुतलं की निघून जातं. बादलीत कागद हलवताना पिवळं पाणी सुटतं आणि मधे पांढरं पान उमटून येतं. वाळता वाळता निळाई गडद होते.

बहाव्याची पाकळी फार पातळ असते, तिच्यातून थोडं ऊन झिरपतं, म्हणून ठशात ती फिकट निळी येते आणि शिरा पांढऱ्या. ताम्हणाचं, म्हणजे आपल्या राज्यफुलाचं, तसंच. त्याच्या पाकळीच्या चुण्यादेखील उमटतात. गुलमोहराची बारीक पानं मात्र वाऱ्याने हलली की कडा पुसट होतात, तिथे काच घट्ट हवी. एकदा लेकीने पानाऐवजी आजीची वाळलेली कुरडई ठेवली. तारा जिथे एकमेकींवर येत होत्या तिथे पांढरं, जिथे एकच तार तिथे फिकट निळं, आणि मधल्या फटींत गडद शाई. आईंनी तो कागद बराच वेळ हातात धरला. ‘माझ्या सोऱ्याचं भोक अन् भोक दिसतंय की यात,’ म्हणाल्या. तो ठसा चौकट करून स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर लावला आहे.

हे सारं होतं ते आमच्या सोसायटीची गच्ची उन्हाळ्यात उघडी असते म्हणून. ती सहज उघडलेली नाही. खांदेश्वर, कामोठे, नवीन पनवेल इथल्या कितीतरी इमारतींत गच्चीला बारमाही कुलूप असतं. पाण्याच्या टाक्या, मुलांची सुरक्षितता अशी कारणं सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. आम्ही सभेत साधी मागणी ठेवली: एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी तीन ते पाच (शून्य सावलीच्या दिवशी मधल्या वेळेतही) गच्ची उघडी, वहीत नाव लिहून किल्ली घ्यायची, मुलांबरोबर मोठं माणूस हवं, टाक्यांच्या झाकणांना वेगळी कुलपं. आक्षेप आले, चर्चा झाली आणि ठराव मंजूर झाला. आता तिथे गुजराती शेजारणीचे खिचिया, तमिळ काकूंचे वडाम आणि आमच्या कुरडया शेजारी शेजारी वाळतात, आणि एकमेकींच्या डब्यांत जातात.

तुमच्याही इमारतीला गच्ची असेल. ती सगळ्या सभासदांची आहे. येत्या सभेत किल्लीचा विषय काढा, आणि तो मार्चमध्येच काढा, म्हणजे एप्रिलचं पहिलं ऊन हातचं जाणार नाही.