देवाचा हिशेब आणि लेखी पेपर

दृष्टिहीन मुलाने एखादा अभंग सुरात म्हटला, की पाचोऱ्यापासून मिरजेपर्यंत लोक म्हणतात, देवाने डोळे नेले पण गळा दिला. या बोलण्यात मला माया कमी आणि सोय जास्त दिसते. देवानेच हिशेब चुकता केला म्हटल्यावर शाळा, गाव, सरकार काही देणं लागत नाहीत. शिवाय बेसूर गळ्याच्या, गणितात रमणाऱ्या दृष्टिहीन मुलीचं काय, हे कुणी विचारत नाही. पुरावा म्हणून नाव येतं ते पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचं. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या या मुलाची नजर फटाक्यामुळे अधू झाली आणि तो मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकू लागला. पण तो गवई झाला तो मिरजेत बाळकृष्णबुवा होते म्हणून. पाचोऱ्यात जन्मला असता तर? गाव मुंबई-भुसावळ मार्गावरचं खरं. पण गाडी थांबते म्हणून गुरू उतरतोच असं नाही.

पलुस्करांचं पुढचं काम मला अधिक मोलाचं वाटतं. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग भरवले, अभ्यासक्रम आखला, ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तकं लिहिली, स्वरलिपी बसवली. गाणं गुरूच्या मर्जीवरून वेळापत्रकावर आलं. ज्याला दारोदार दयेची वाट पाहावी लागते, त्याच्यासाठी हा बदल फार मोठा होता. मात्र छापील खुणा डोळस माणसाच्याच कामाच्या, आणि अधू नजरेच्या माणसाने घडवलेल्या शिक्षणात ही अडचण राहून गेली. त्यांनी अपंगांसाठी चळवळ केली नाही, मग त्यांना यात का ओढायचं, असं कुणी म्हणेल. चळवळ केली नाही हे मान्यच. पण दार त्यांनी बांधलं, उंबरठा कमी करायचं काम नंतरच्यांचं होतं. बोटांनी वाचायची लिपी मांडणाऱ्या लुई ब्रेलच्या १८२९ च्या पुस्तकाच्या नावातच संगीत आहे, आणि भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ पासून आहे. साधन नव्हतं असं म्हणता येणार नाही.

आपलं गाणं गुरुमुखी, आंधळ्याला स्वरलिपी कशाला, हा आक्षेप वजनदार वाटतो. गाण्यापुरता तो खराही आहे. पण लिपी लागते ती विसरलेलं तपासायला, गुरूचं चुकलं तर ओळखायला आणि दुसऱ्याला शिकवायला. वाचता न येणारा जन्मभर शिष्यच राहतो. पलुस्करांनी तर ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन यांच्यासारखे शिकवणारे घडवले. पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये उभ्या केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या वरच्या परीक्षांत लेखी पेपर असतो. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने लेखनिक आणि जादा वेळ दिला. तालुक्याच्या गावात मात्र पेच उरतो. गाणं न कळणारा लेखनिक कोमल-तीव्राच्या खुणा चुकवतो, कळणाऱ्यावर कॉपीचा संशय येतो. मग संगीतशास्त्राचा हा पेपर तोंडी का घेऊ नये? दर्जा घसरेल म्हणणाऱ्यांनी आठवावं, की त्याच परीक्षेत रागाची परख परीक्षक समोर बसून, कानानेच करतात.