आमच्या सोप्यातली वाकळ

संकेश्वर-बांदा रस्त्याने गडहिंग्लज सोडून तुम्ही आजऱ्याकडे निघालात, की थोड्याच वेळात हवा बदललेली ध्यानात येईल. मिरची-भुईमुगाची उघडी रानं मागे राहतात. ऊस दाट होतो, मग भाताची खाचरं दिसू लागतात. आंबोलीच्या डोंगरातून निघालेली हिरण्यकेशी कधी जवळ येते, कधी झाडांआड जाते. पाऊसही तसाच, जेवढे पश्चिमेला जाल तेवढा जास्त. त्या रस्त्याच्या एका फाट्यावर उतरून मैलभर चाललात की आमचे गाव. फाट्यावरच्या चहावाल्याला 'वाकळवाल्याचं घर' विचारा, तो बोट करून दाखवील. 'वाकळवालीचं घर' मात्र विचारू नका, त्याला कळायचे नाही. ते का, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

घर साधेच आहे. पुढे सोपा, आत माजघर, मागे परडं, बाजूला एका म्हशीचा गोठा. सोपा पूर्वेकडे तोंड करून आहे. उजेडाशिवाय आमचे काम होत नाही, म्हणून सोप्यातला पलंग आम्ही आत नेला आणि सगळी जमीन वाकळीला दिली. भिंतीला ह्यांचे शिवणयंत्र, कोनाड्यात सुया, मेणाचा गोळा, दोऱ्याची रिळे. आढ्याच्या दोरीला गाठोडी टांगलेली, कारण खाली ठेवली तर उंदीर सोडत नाहीत. प्रत्येक गाठोड्याला चिठ्ठी. कापड कुणाचे कुणात मिसळता उपयोगी नाही. एखाद्याच्या आईचे शेवटचे लुगडे त्यात असते.

आमचे हे शिंप्याचे काम करीत. गडहिंग्लजच्या बाजारात भाड्याचा गाळा होता, शाळेच्या गणवेषांवर चांगले चालायचे. मग तयार कपडे आले, तेही शिलाईच्या भावात. 2011 साली गाळा सोडला आणि यंत्र टेंपोतून घरी आणले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दीड एकर रान होते, पण बाजारात बसायची सवय लागलेल्या माणसाला रानात करमत नाही.

वाकळीचा धंदा करायचा असे ठरवून काही झाले नाही. शेजारची मुंबईला दिलेली लेक बाळंतपणाला आली होती. तिला आईच्या लुगड्यांचे दुपटे आणि एक वाकळ हवी होती. तिच्या आईचे हात थरथरत, म्हणून मी शिवून दिली. तिने मुंबईत ती कुणाला दाखवली, त्यांनी आणखी दोन मागितल्या. सुगी संपून रानं मोकळी झालेली. मी सोप्यात बसून शिवत होते आणि हे समोर बसून बघत होते. चौथ्या दिवशी न राहवून म्हणाले, "तुझा काठ वाकडा जातोय. दे इकडं." आणि बोटात अंगुस्तान घालून बसले. तेव्हापासून आम्ही दोघे.

आमच्याकडची वाकळ म्हणजे पुण्या-नगरकडची गोधडी. पलीकडे कानडी मुलखात हिलाच कौदी म्हणतात. तुमच्या घरी आजी शिवत असेल, तेव्हा कृती सांगायला नको; पण दोघांनी मिळून शिवायची असेल तर काही गोष्टी सांगते. कापड आधी सोडा घालून उकळून घ्या आणि कडक उन्हात दोन दिवस वाळवा. ढेकूण जातात, आणि जे आटायचे ते आधीच आटते. नायलॉन आणि सुती एका वाकळीत घालू नका. सुती आटते, नायलॉन आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात वाकळ सुरकुतते. एका नऊवारीत पाच बाय सात फुटांच्या वाकळीचे तीन थर जेमतेम निघतात, जोड द्यावे लागतात. थर अंथरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा. आम्ही दोन कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवतो, उरलेल्या दोहोंवर मागच्या दारातले दगड. मग वीतभर अंतरावर कच्चा टाका घालायचा. इथे आळस केलात तर पुढे रडाल.

पुष्कळ बायका काठाकडून गोल गोल फिरत मध्याकडे येतात. हे पडले शिंपी, त्यांना सरळ रेघ लागते. म्हणून आमच्याकडे लांबीच्या रेघा. एका लांब काठाशी मी बसते, दुसऱ्या काठाशी ते, आणि धावदोरा घालत दोघे मध्याकडे सरकतो. दोन रेघांत बोटाचे अंतर ठेवले की अशा सुमारे ऐंशी रेघा होतात. इंचाला तीन टाके धरा, म्हणजे एका वाकळीत वीस हजार टाके. मी एकदा भाकरी थापताना हा हिशोब केला, आणि भाकरी करपली.

दोन्हीकडून शिवण्यात एक खोड आहे. सुई कापड पुढे ढकलते. इकडून तिकडून ढकललेले सगळे मधे जमते आणि फुगा येतो. ह्यांचा हात आवळ, माझा सैल. पहिल्या वर्षी आमच्या वाकळी मधोमध पुरीसारख्या फुगत. मी म्हणायची तुमचा दोरा ओढलेला, ते म्हणायचे तुझा ढिला. शेवटी सहा रेघा उसवायच्या, आणि उसवायचे काम माझ्याकडे. आता आम्ही रोज बसायच्या आधी एक रेघ शेजारी शेजारी घालतो, हात जुळला की मग आपापल्या काठाला जातो. ज्या दिवशी सकाळीच खटका उडाला असेल, त्या दिवशी हात काही केल्या जुळत नाही. मग मी भांगलायला जाते, ते यंत्राला तेल घालतात.

रोजचे काम असे. पहाटे धार काढणे ह्यांचे, डेअरीला दूध घालणे ह्यांचे. स्वयंपाक, झाडलोट, शेण माझे. नऊ ते बारा रान. जेवून बारा-साडेबारापासून चार-साडेचारपर्यंत सोपा. ऊन उतरले की सुई ठेवायची. विजेच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. पावसाळ्यात झड लागली की कापड ओलसर होते, सुईला गंज चढतो, आणि धुतलेले चार-चार दिवस वाळत नाही. श्रावण संपेपर्यंत आम्ही नवे काम घेत नाही. आमच्या सासूबाईंचीही वाकळ चैत्र-वैशाखातच व्हायची.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर आत या, ट्रंकेतली ही वाकळ बघा. हिला चार थर आहेत आणि वरून ठिगळांचे तीन फेर. ही निळी पट्टी, ही पट्ट्यापट्ट्यांची, हे कोरे मांजरपाट. हे सगळे गिरणीचे कापड. ह्यांचे चुलते लालबागला गिरणीत होते. गणपतीला गावी येताना ट्रंकेत तुकडे घेऊन यायचे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि चुलते वर्षभराने हात हलवीत परत आले. आता हा वरचा फेर बघा, गिरणीचा एक तुकडा नाही. पिठाच्या पिशवीचे कापड आहे, ह्यांचा शाळेचा सदरा आहे, दंडाला दंड जोडलेला. त्या सालापासून घरात काय होते आणि काय नव्हते, ते सासूबाई लिहायला येत नसताना लिहून गेल्या.

त्यांनी आयुष्यात चाळीसेक वाकळा शिवल्या असतील. सुनांना दिल्या, लेकींना दिल्या, शेजारणीला साखरेच्या बदल्यात दिल्या. त्याला धंदा कुणी म्हणाले नाही. माझ्या पहिल्या वाकळींनाही नाही. मी शिवत होते तेव्हा गावात म्हणत, "बसल्या बसल्या करते काहीतरी." ह्यांनी अंगुस्तान घातले आणि महिन्याभरात दारावर पाटी लागली. वर ह्यांचे नाव, खाली 'वाकळ शिवून मिळेल'. गिऱ्हाईक सोप्यात आले की पान ह्यांना, भाव ह्यांना विचारायचा, आणि मी चहा आणायचा. पैसे ह्यांच्या खात्यावर. हे वाईट नाहीत, मागितले की देत. पण स्वतः शिवलेल्याचे मागायचे कसे, हे मला सात वर्षे कळले नाही.

मग 2018 च्या उन्हाळ्यात बेळगावला एका लग्नाला गेलो होतो. तिथल्या पाहुण्यांची हल्याळकडे ओळख होती, त्यांनी आम्हाला तिथल्या सिद्दी लोकांच्या वस्तीवर नेले. वाचकहो, हे लोक मूळचे आफ्रिकेचे. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या पूर्वजांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते, तिथून सुटून ते उत्तर कन्नडच्या रानात आले. 2003 साली त्यांना अनुसूचित जमातीत घेतले. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठी इतकी, की आम्हाला दुभाषा लागला नाही. तिथल्या बाया वाकळ शिवतात, तिला कवंदी म्हणतात. काठाकडून गोल फिरत मध्याला येतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घडीचे फूल लावतात. फूल नसेल तर वाकळ नागडी राहिली म्हणतात.

आम्ही आमची एक वाकळ भेट म्हणून नेली होती. एका म्हाताऱ्या बाईने ती मांडीवर घेतली. डोळ्यांनी तिला कमी दिसत होते. तिने एका काठापासून बोट फिरवायला सुरुवात केली. फिरवता फिरवता एका जागी थांबली आणि म्हणाली, "इथं हात बदलला." मी बघितले. तिचे बोट मधे नव्हते. ह्यांच्या काठाच्या पुष्कळ जवळ होते.

परतीच्या गाडीत आम्ही दोघेही त्यावर बोललो नाही. घरी आल्यावर पुढच्या वाकळीला मी ह्यांच्या हातात निळ्या दोऱ्याचे रीळ दिले आणि स्वतः पांढरे घेतले. "दोन रंग कशाला?" म्हणाले. मी म्हटले, "बरं दिसतंय." वाकळ पुरी झाली तेव्हा उलटी करून अंथरली आणि चहा करायला आत गेले. बाहेर आले तर हे गुडघ्यावर बसून रेघा मोजत होते. निळ्या सत्तावीस, पांढऱ्या त्रेपन्न.

आता खरे सांगायचे तर त्यात ह्यांची बाजूही होती. मोटरीला वीज रात्रीची यायची. हे रात्री उसाला पाणी पाजत आणि दुपारी डोळा लागे. गिऱ्हाईक आले की बोलायलाही तेच. मी तसे म्हटलेही. ते काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा मोजल्या, मग उठून म्हशीला वैरण टाकायला गेले. चार दिवसांनी तालुक्याला जाऊन आले आणि बँकेचा अर्ज माझ्यापुढे ठेवला, खात्यावर माझे नाव घालायचा. "सही कर," म्हणाले. पुढे भाव ठरवताना मला विचारू लागले. तेही आधी सोपे गेले नाही, कारण मी भाव जास्त सांगते.

भावाचे तुम्हालाही सांगून ठेवते, उपयोगी पडेल. एक रेघ घालायला मला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. ऐंशी रेघांना सत्तेचाळीस तास, कापणे-अंथरणे धरून पन्नासच्या वर. म्हणजे भांगलणीचे सहा दिवस. तुमच्या गावात बाईला भांगलणीची जी मजुरी असेल तिला सहाने गुणा, दोऱ्याचे पैसे घाला. त्याच्या खाली वाकळ देऊ नका, पाहुणी असली तरी. पानिपतहून येणारे मऊ ब्लँकेट बाजारात याच्यापेक्षा स्वस्त मिळते, हे गिऱ्हाईक तुम्हाला हमखास सांगेल. त्याने ते खुशाल घ्यावे. एका शहरातल्या दुकानदाराने आमच्याकडून बारा वाकळा नेल्या, शेवटच्या पाचांचे पैसे अजून यायचे आहेत. तेव्हापासून निम्मे आधी घेतल्याशिवाय मी दोरा ओवत नाही.

आता अडचण कापडाची आहे. सुती लुगडे नेसणाऱ्या बायका गावात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. गाठोड्यात येते ते निसरडे, घाम न टिपणारे. आतल्या थरांना आम्ही इचलकरंजीहून किलोवर सुती तुकडे आणतो. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली तिथे पहिला यंत्रमाग बसवला, त्या गावात अजून सुताला तोटा नाही. पण विकतच्या तुकड्यात कुणाची आई नसते, आणि गिऱ्हाईकाला तीच हवी असते. मग एकच लुगडे असेल तर ते सगळ्यात वर घालतो, काठ उशाकडे.

निळा आणि पांढरा दोरा आम्ही तसाच ठेवला. काही लोक आता मुद्दाम तसाच मागतात, त्यांना ती नक्षी वाटते. परवाच्या वाकळीत निळ्या पस्तीस होत्या. आमच्याकडे आता दिवसाही वीज असते, त्यामुळे सबब उरली नाही. पाटी मात्र तीच आहे. रंगारी नाव वाढवायचे वेगळे पैसे मागतो, आणि त्या बाबतीत आम्हा दोघांचा हात पक्का आवळ.

तर आलात की चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. सोप्यात टेकताना तेवढे खाली बघून टेका. कालपासून ह्यांची एक सुई सापडत नाही.