आईची दुपार

आमच्या घरातली दुपार आईची होती, हे मला ती असेपर्यंत कळलं नाही.

डोंबिवलीत आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी पावणेआठची फास्ट पकडायचो, बायको त्याच्याही आधी बाहेर पडायची, लेक शाळेत, बाबा जेवून वाचनालयात. मावशी भांडी घासून गेल्या की आई ओटा पुसून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली सतरंजी टाकायची. उशी घ्यायची नाही, हात दुमडून डोक्याखाली. शेजारी छोटा ट्रान्झिस्टर. विविध भारती लावायला काटा फिरवत बसावं लागू नये म्हणून त्या जागी तिने स्वतःची मरून टिकली चिकटवली होती. तीन वाजता ‘सखी सहेली’, चार वाजता चहाचं आधण. एवढंच. ही वेळ तिला कुणी दिली नव्हती. घरातला एकेक जण बाहेर पडायला लागला तशी ती आपोआप तिच्या वाट्याला आली होती. हेसुद्धा मला नंतर शेजारच्या काकूंकडून कळलं. दुपारी मी घरी असायचो कुठे?

22 मार्च 2020 च्या रविवारी पाच वाजता आम्ही सगळे गॅलरीत थाळ्या वाजवत उभे होतो. आईने देवघरातली घंटा आणली होती. लोकल बंद झाल्या आणि तीन दिवसांनी पाडव्यालाच एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. गुढीला साखरेची गाठी मिळाली नाही, तेव्हा आईने कागदाच्या पुडीत साखर बांधून ती लाल दोऱ्याने गुढीवर लटकवली.

मग आम्ही पाचही जण घरात. मावशींचं येणं सोसायटीने बंद केलं. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवायची, दिवसातून चारदा चहा. बाबांना सकाळी नऊला रामायण, रात्री नऊला पुन्हा रामायण. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं. बावीस वर्षं डब्यातली गार पोळी खाल्लेल्या माणसाच्या ताटात तव्यावरची पोळी पडत होती. मी म्हणालोही, “आई, किती छान वाटतंय ना, सगळे घरी!” ती “हो रे” म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

नेटवर्क स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीच नीट यायचं, म्हणून माझं टेबल तिथे आलं. सतरंजीची जागा गेली. “आई, मिक्सर नको, कॉल चालू आहे.” “आई, रेडिओ जरा बारीक कर.” आवाज चढवून मी कधीच बोललो नाही, पण रोज बोललो. बारीक करता करता रेडिओ बंद झाला, आणि तो बंद झाल्याचं माझ्या लक्षातही आलं नाही.

मुदत वाढून 3 मेपर्यंत गेली होती. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला कोकणातून सोसायटीच्या गेटवर आंब्याच्या पेट्या आल्या. आमची पेटी कुठे ठेवायची ते विचारायला आईला हाक मारली तर ती घरात नव्हती. त्या दिवसांत माणूस घरात नाही म्हटल्यावर पोटात गोळाच आला. शेवटी जिन्याने वर गेलो. गच्चीच्या दाराला सोसायटीचं कुलूप होतं. त्या बंद दाराशी, सगळ्यात वरच्या पायरीवर आई बसली होती. पाय पोटाशी घेतलेले, पदर डोक्यावरून, ट्रान्झिस्टर कानाला टेकवलेला. आवाज इतका बारीक की चार पायऱ्यांवरून मला काहीच ऐकू आलं नाही. मला बघून ती घाईने उठली, काही चोरून घेतल्यासारखी.

“इथे वारा येतो जरा,” ती म्हणाली.

“बरं,” मी म्हणालो, “पेटी आलीये.” आणि खाली आलो. अडीचचा कॉल होता.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी लोकांची माणसं गेली. वीस जणांपुरत्या अंत्यविधीलाही पोचता न आलेली मुलं माझ्या ओळखीत आहेत. त्यापुढे एका बाईची दुपार ती काय, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पटलं नाही. आम्ही सगळे वाचलो, आणि वाचलो म्हणूनच काही गेलंय हे कुणी पाहिलं नाही.

गाड्या सुरू झाल्या, शाळा उघडल्या, मावशी परत आल्या. पण आमच्या कंपनीने आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम ठेवलं आणि माझं टेबल खिडकीपाशीच राहिलं. ते हलवायला अर्धा तास लागला असता. आई कधी बोलली नाही. बायकोला मात्र एकदा म्हणाली होती, “दिवसभर कुणीतरी बघतंय असं वाटतं गं.” हे बायकोने मला 2022 च्या डिसेंबरात सांगितलं. नोव्हेंबरात आई गेली होती, झोपेतच, हृदयविकाराने.

यंदा एप्रिलात एका दुपारी मी लॅपटॉप मिटला. ट्रान्झिस्टरमध्ये नवे सेल घातले. टिकलीचा रंग उडालाय, पण ती घट्ट आहे. तो घेऊन वर गेलो आणि आईच्या पायरीवर बसलो. वर तापलेला स्लॅब, पाठीला तापलेली भिंत, जिन्याला एकही खिडकी नाही. चार वाजेपर्यंत बसलो. वारा कुठूनच आला नाही.