बाणाचं टोक जड का असतं?



एक हलकी, सरळ काडी घ्या, साधारण ६० सेंटिमीटरची. भाल्यासारखी पुढे फेका. थोडी जाईल, मग आडवी होईल, गिरकी घेईल आणि पडेल. आता तिच्या पुढच्या टोकाला बोराएवढा ओल्या मातीचा गोळा लावा आणि परत फेका. या वेळी ती सरळ जाते आणि टोकावरच पडते. जोर तोच, काडी तीच. मग बदललं काय? सहावी-सातवीच्या मुलांना एवढं दाखवून गप्प बसायचं. पुढचा तास मुलंच घेतात.

आमच्या कुरुंदवाडला या पाठाचं साहित्य फुकट मिळतं. थंडी सुरू झाली की उसाला तुरे येतात. शेतकऱ्याला तुरा नको असतो, कारण तो आला की उसाची वाढ थांबते. पण तुऱ्याची काडी म्हणजे मुलांची चैन. लांब, सरळ आणि आतून भेंडासारखी हलकी. माती तर काय, बेंदराला जिचे बैल करतो तीच. वजनासाठी एका मुलीच्या मामांनी हुपरीहून चांदीकामाचा छोटा काटा दिला. तो नसेल तर किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, फक्त एक-दोन ग्रॅम नीट दाखवणारा हवा.

आधी कारण सांगते. हवेत उडणारी वस्तू वळते ती स्वतःच्या तोलबिंदूभोवती. काडी बोटावर आडवी धरून जिथे तोलली जाते ती जागा म्हणजे तोलबिंदू. बाणाच्या मागे पिसं असतात, हवा त्यांना मागे रेटते. तोलबिंदू पुढे असेल तर त्याच्यापासून पिसांपर्यंतचा भाग लांब होतो, आणि तरफेसारखा पिसांना जास्त जोर मिळतो. बाण जरा तिरका झाला की शेपूट पुन्हा मागे ढकललं जातं. बॅडमिंटनचं फूल कसंही मारलं तरी बूच पुढे करूनच येतं, ते याच कारणाने. आमच्या काडीला पिसं नव्हती, तरी टोक जड झाल्यावर मागची लांब काडीच शेपटाचं काम करत होती.

आता मोजमाप. बरोबर मधोमध, म्हणजे ३० सेंटिमीटरवर तोलणारी काडी मिळेपर्यंत आम्ही बऱ्याच काड्या बाद केल्या. मिळाली तिचं वजन ६ ग्रॅम भरलं. टोकाला ३ ग्रॅम माती लावली, तोलबिंदू टोकापासून २० सेंटिमीटरवर आला. ६ ग्रॅमला १५ वर, ९ ग्रॅमला १२ वर, १२ ग्रॅमला १० वर. दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात, कारण गोळ्यालाही जाडी असते. पण आकडे फळ्यावर लिहा आणि थांबा. प्रत्येक वेळी माती तेवढीच वाढवली, तरी तोलबिंदू पहिल्यांदा १० सेंटिमीटर सरकला, मग ५, मग ३, मग २. "बाई, माती वाया चालली की!" असं एकजण म्हणालाच. एकूण वजन गुणिले टोकापासूनचं अंतर दर वेळी १८० येतं हे मुलांनीच शोधलं. ९ गुणिले २०, १२ गुणिले १५, १५ गुणिले १२, १८ गुणिले १०. व्यस्तप्रमाणाची इतकी स्वच्छ उदाहरणं पुस्तकात मजूर आणि दिवसांच्या गणितांत सापडत नाहीत, असं माझं मत.

खरे तिरंदाज हेच मोजतात. तोलबिंदू मध्यापासून किती पुढे आहे, ते बाणाच्या लांबीच्या टक्क्यांत सांगतात. आमच्या ३ ग्रॅमच्या काडीचं प्रमाण १० भागिले ६०, म्हणजे जवळपास १७ टक्के. ऑलिंपिक प्रकारच्या स्पर्धेतल्या बाणांसाठी ते साधारण ११ ते १६ टक्के ठेवतात. हल्लीचा बाण म्हणजे कार्बनच्या धाग्यांची पोकळ नळी, तिचं स्वतःचं वजन फार कमी. म्हणून पुढे थोडं वजन घातलं तरी तोल लगेच सरकतो. त्यासाठी जड टोक बसवतात, किंवा नळीत ज्यावर टोक बसतं तो ॲल्युमिनियमचा तुकडा काढून पितळेचा घालतात. हे वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. मूळ कल्पना धान्याच्या दाण्याची. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनारांच्या गुंजेच्या जवळपास निम्मा.

मग वर्गात प्रश्न आला, जो यायलाच हवा होता. १७ टक्क्यांत काडी सरळ जाते, तर आणखी वजन कुणाला लागतं? उत्तर आहे, शिकाऱ्यांना. अमेरिकेसारख्या देशांत परवाना काढून साध्या धनुष्याने शिकार करणारे लोक हे प्रमाण २० टक्क्यांवर, काहीजण तर ३० च्याही वर नेतात. बाण खोल जावा, जनावर जखमी होऊन रानात तडफडत हिंडू नये, हा त्यांचा विचार. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार गुन्हा आहे. मी मुलांना दोन्ही सांगितलं, लपवलं काही नाही.

पण 'शिकार' शब्द आला आणि सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या.

तिथे ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला एक मुलगा बसतो. नंदुरबारकडचा, भिल्ल कुटुंबातला. गळीत हंगामापुरता आमचा. घरी भिली, पुस्तकात प्रमाण मराठी आणि मैदानावर आमच्या पोरांची कोल्हापुरी, या तिन्हींत तो बिचारा गप्पच झालेला. चाचणीत त्याच्या नावापुढे काय लिहायचं हा मला दर आठवड्याचा प्रश्न. त्या दिवशी तो उठला, बाद काड्यांच्या ढिगातून एक काडी उचलली, जाड बुडखा पुढे आणि बारीक शेंडा मागे अशी धरली आणि फेकली. माती न लावता! काडी सरळ गेली. आम्ही ज्या काड्या 'मधोमध तोलत नाहीत' म्हणून टाकल्या होत्या, त्यांचं पुढचं वजन झाडानेच घालून दिलं होतं.

पुढचा अर्धा तास तो बोलला. मोडकंतोडकं, पण बोलला. धनुष्याला तो कामठा म्हणाला. आपल्या 'तीरकमठा' शब्दातला कमठा तो हाच. त्यांच्याकडे बांबूच्या धनुष्याला दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची असते, हे ऐकून पोरं चकित. तेवढ्यात घरी कन्नड बोलणारी एक मुलगी म्हणाली, "आमच्यात धनुष्याला बिल्लु म्हणत्यात." काही अभ्यासक 'भिल्ल' हे नाव याच द्राविडी शब्दाशी जोडतात. सीमेवरच्या वर्गाचा हा फायदा, शब्द चालत येतात.

आणखी एक गोष्ट त्याच्याचमुळे कळली. १२ ग्रॅमची काडी बांबूच्या छोट्या धनुष्यातून मी स्वतः सोडली, मुलांना माझ्या मागे लांब उभं करून. ती वाकली आणि मधेच मोडली. "जाडी काडी पायजे," तो म्हणाला. अगदी बरोबर. दोरी मागून ढकलते, पुढचं वजन जागचं हलायला वेळ घेतं, मधली काडी वाकते. कार्बनच्या बाणातही पुढे वजन वाढवलं की जास्त ताठ नळी घ्यावी लागते, किंवा तीच नळी थोडी आखूड करावी लागते. शिवाय जड बाण सावकाश जातो आणि लवकर खाली येतो. भालाफेकीत तर हे मुद्दाम केलं. १९८४ साली उवे होन याने भाला १०४.८० मीटर फेकला, मैदानं अपुरी पडायची वेळ आली. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा तोलबिंदू ४ सेंटिमीटर पुढे आणला. नीरज चोप्राचा भाला त्याच नियमातला.

दुसऱ्या दिवशी एक पालक भेटायला आले. "बाई, तीरकमठा कशाला शिकवताय? डोळा गेला म्हणजे?" काळजी रास्त आहे. म्हणून मुलांच्या हातात धनुष्य द्यायचं नाही, काडी हातानेच फेकायची. टोकाला फक्त ओली माती. सगळे एका रेघेमागे, आणि शेवटची काडी पडेपर्यंत उचलायला कुणी पुढे जायचं नाही. हे चार नियम मी वहीत लिहून घेते. त्यांना मी साताऱ्याच्या अदिती स्वामीचंही सांगितलं. २०२३ साली बर्लिनला वयाच्या १७ व्या वर्षी ती तिरंदाजीत जगज्जेती झाली. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, आईवडील मजुरी करणारे, टोकियो ऑलिंपिकला गेला. पालक ऐकून घेऊन गेले. पटलं की नाही, सांगता येत नाही.

टोळी मार्चमध्ये परत जाईल. त्याआधी त्या मुलाच्या नोंदीत 'तोलबिंदू समजतो, व्यस्तप्रमाण कृतीतून दाखवतो' असं लिहायचं ठरवलं आहे. त्याच्या गावच्या गुरुजींपर्यंत ते पोचावं म्हणून एक प्रत त्याच्या वडिलांकडेही देणार आहे. तुमच्याकडेही हंगामात अशी मुलं येत असतील, तर त्यांच्या नोंदी कशा पाठवता ते जरूर कळवा.