हँडलराव

घाटनांदूरहून अंबाजोगाईला पेशंट हलवला, की मागोमाग जीपभर माणसं निघतात. मामा, मेहुणा, डबा धरलेली आत्या आणि ‘मी बाहेरच थांबतो’ म्हणत सगळ्यांच्या आधी आत शिरणारा एक शेजारी. कुठल्याही दवाखान्यात जा, वॉर्डाच्या दाराशी यांचा हात पहिल्यांदा धरतात ते हँडलराव.

अंगानं सडपातळ, स्टीलचे. चेहरा सदा नुकतीच आंघोळ उरकल्यासारखा. या दिसण्यावरच त्यांचं निभावतं. कॉटचा कठडा, सलाईनचा स्टँड, नळाची तोटी ही सगळी त्यांची भावकी. दारात उभं राहायचा मान मात्र यांचा.

भेदभाव त्यांना ठाऊक नाही. ड्रेसिंग करून निघालेला हात, नाक पुसलेला हात, भाकरी-ठेचा घेऊन आलेला हात, सगळे सारखेच. हातमोजे घातलेल्यांवर तर त्यांचा विशेष लोभ. मोजा घातला की माणूस बिनधास्त होतो. पेशंट, फाईल, दार, सगळीकडं तोच मोजा फिरतो. हात वाचतो, हँडलरावांचं मात्र भरतं.

आतिथ्य विचारूच नका. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर 7 दिवसांपासून 7 महिन्यांपर्यंत तग धरू शकतो, ॲसिनेटोबॅक्टर 5 महिन्यांपर्यंत. पेशंट बरा होऊन गावी जातो, त्याची ज्वारी काढून होते, तरी त्याचा जंतू वॉर्डात मुक्कामाला असू शकतो.

रागही आहे. हायपोक्लोराइटचं नाव काढलं की कपाळाला आठी. ते अंगावर फार वेळ राहिलं तर स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि रूपाला धक्का लागलेला हँडलरावांना सोसत नाही. त्यांना आवडतो तो ओला फडका, आधी चार कॉटवरून फिरून आलेला. त्यानं चकाकी येते आणि पाहुणेही हलत नाहीत.

त्यांच्या घराण्यात एक थोरली बहीण आहे, पितळी कडी. जुन्या वाड्यांच्या दारावर असते, काळवंडलेली, कुरकुरणारी. हँडलराव तिला गावंढळ समजतात. पण अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात फिलिस कून यांनी दोन्ही धातूंच्या पट्ट्यांवर जंतू सोडून पाहिले आणि 1983 साली निकाल छापला. पितळेवरचे 7 तासांच्या आत संपले, नुकत्याच घासलेल्या पितळेवरचे तासाभरात. स्टीलवर बहुतेक जंतू 3 आठवड्यांनीही जिवंत! ही करामत पितळेतल्या तांब्याची. 2008 साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक म्हणून नोंदही केली. आजी चिंच लावून पितळ घासायची ती उजळ दिसावं म्हणून. दुसरा फायदा फुकटात मिळत होता.

एवढं होऊन काळी पडते म्हणून कडी मोडीत जाते आणि नव्या दारावर हँडलराव बसतात.

तेव्हा पेशंटला बघायला जाल, तर दार कोपरानं ढकला. हात लागलाच, तर भिंतीवरच्या बाटलीतलं औषध चोळून मग पेशंटच्या कपाळाला हात लावा. डबा त्यानंतर उघडा. हँडलराव रुसले, तर रुसू द्या.