रिकामा निरोप

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें रविवारीं रात्रीं काय करावें याविषयीं आपल्या समाजाच्या कल्पना ठाम आहेत. त्यानें ज्ञानेश्वरी उघडावी, निदान गुडघ्यांस तेल तरी चोळावें. आम्ही मात्र त्या वेळीं संगणकापुढें बसून किल्ले बांधतों आणि परममित्रांच्या गांवांवर घोडेस्वार सोडतों. ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा दुसरा भाग १९९९ सालीं निघाला, तेव्हां आम्ही पांच मित्र तो एकाच खोलींत बसून खेळत असूं. आतां पांचांचीं पांच बिऱ्हाडें झालीं आहेत : पुणें, नागपूर, कोंकणांतलें एक खेडें, लंडन आणि न्यू जर्सी.

अडचण अशी कीं, हा खेळ मुळीं एका खोलीसाठीं रचलेला. ज्या संगणकावर डाव मांडला असेल तो ‘कोण येतो?’ अशी हाक देतो. पण ती त्याच घराच्या तारांवर ऐकूं जाते, उंबरठा ओलांडीत नाहीं. बाहेर पाहावें तर पत्त्यांचाच दुष्काळ. इंटरनेटच्या जुन्या पद्धतींत सारे मिळून सुमारें ४२९ कोटि पत्ते आहेत, आणि ते जगास पुरत नाहींत. म्हणून मोबाईल कंपन्या पुष्कळ गिऱ्हाइकांस एकाच पत्त्यामागें ठेवितात. अशा गिऱ्हाइकास स्वतः बाहेर जातां येतें, पण बाहेरच्यास त्याचें दार सांपडत नाहीं. चाळ ठाऊक, खोली ठाऊक नाहीं, अशी पोस्टमनची गत होते. आमचा कोंकणांतला मित्र नेमका अशा पत्त्यामागें राहतो; आणि या खेळांत तर प्रत्येक संगणकास इतर प्रत्येकाशीं बोलावें लागतें.

२०१९ सालीं निघालेली नवी आवृत्ति ही अडचण कंपनीच्या यंत्रांमार्फत दूर करिते. परंतु ती चालेल असा संगणक त्याजपाशीं नाहीं. आईच्या शुश्रूषेसाठीं नोकरी सोडून गांवीं परतलेल्या माणसास ‘नवा संगणक घे’ असें सांगणें आम्हांस प्रशस्त वाटेना. नागपूरकर व्यवहारी, तो म्हणाला, “अरे, मग चौघेच खेळूं.” सूचना सयुक्तिक होती. तरीहि ती कोणी उचलून धरिली नाहीं.

तेव्हां आम्हीं स्वतःचें जाळें विणावयाचें ठरविलें. इंग्रजींत त्यास व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क म्हणतात. मुंबईंत एक लहानसें यंत्र भाड्यानें घेतलें. त्याला स्वतःचा उघडा पत्ता आहे. त्यावर ‘वायरगार्ड’ नांवाची व्यवस्था बसविली; ही २०२० सालीं लिनक्सच्या गाभ्यांत सामील झाली. प्रत्येकानें दोन किल्ल्या घडविल्या : एक स्वतःपाशीं गुप्त ठेवावयाची, दुसरी मुंबईस कळवावयाची. प्रत्येकास १० या अंकानें सुरू होणारा एक घरगुती क्रमांक मिळाला. पांचहि संगणक आपण होऊन मुंबईस जातात, आणि तेथील यंत्र एकाचें म्हणणें दुसऱ्यास पोंचवितें. पूर्वीची हाक या वाटेनें जात नाहीं, म्हणून डाव मांडणाऱ्याचा क्रमांक हातानें लिहावा लागतो. तेवढें केलें कीं पांचहि संगणक एका खोलींत बसल्यासारखे बोलूं लागतात. अंतर मात्र लोपत नाहीं. कांचेच्या तारेंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. न्यू जर्सीस जाऊन यावयास त्यालाहि सेकंदाचा आठवा हिस्सा तरी लागतोच. शिवाय खेळाची रीत अशी कीं, एकाचा निरोप उशिरां आला तर सर्वांचे घोडे थांबतात. कोंकणांत पावसाची झड लागली म्हणजे लंडनचें सैन्य जागच्या जागीं खिळतें.

या खटाटोपांतली एक ओळ आम्हांस विशेष आवडली. आड राहणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट कंपनीचें यंत्र थोडा वेळच लक्षांत ठेवितें. त्याच्याकडून कांहीं काळ निरोप गेला नाहीं, तर तें वाट विसरतें, आणि मग बाहेरून आलेलें सारें परत फिरतें. त्यास उपाय म्हणून आमच्या मित्राच्या संगणकास सांगून ठेविलें आहे कीं, दर २५ सेकंदांस मुंबईस एक रिकामा निरोप धाडावा. त्यांत मजकूर नसतो. वाट उघडी राहावी एवढाच त्याचा हेतु.

मित्रमंडळी तुटते ती भांडणानें क्वचितच. बहुधा मजकूर नसल्यामुळें तुटते. सांगण्यासारखें कांहीं घडलें नाहीं म्हणून पत्र राहतें, आणि पुढें सांगण्यासारखें घडतें तेव्हां वाट बुजलेली असते. आमचें रविवारचें बोलणें म्हणाल तर निव्वळ रिकामें असतें : लांकडें संपलीं, भिंत पडली, तुझे हत्ती आंवर. परंतु गेल्या श्रावणांत अशाच बोलण्याच्या ओघांत कोंकणचा मित्र म्हणाला, “भिंत बांधून होऊं द्या रे. आई परवांपासून मला ओळखत नाहीं.” हें सांगण्यासाठीं त्यानें कोणास मुद्दाम फोन केला नसता, असें आम्हांस वाटतें. त्या रात्रीं डाव पुढें सरकला नाहीं. पण पहांटेपर्यंत कोणी उठलेंहि नाहीं.

यंत्राचें भाडें आम्ही पांच जण वांटून भरतों. या महिन्यांत तें भरण्याची आठवण सर्वांआधीं नागपूरकरानें केली.